आठ वितींची भिंत

अण्णांनी आधी भिंतीला हात लावला, मग वीत टाकली. एक, दोन, तीन... दाराच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आठ विती भरल्या. वीत म्हणजे साधारण नऊ इंच, आठ विती म्हणजे सहा फूट. त्यांनी खात्री करायला पुन्हा मोजली, या वेळी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या हाताने. चार हात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला भिंत कोण म्हणतं? हा तट आहे."

आम्ही खरं तर सिअर्स टॉवर बघायला निघालो होतो. त्याचं नाव बदलून विलिस टॉवर झालं त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण शिकागोतल्या पुष्कळ लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे आणि माझ्याही. ११० मजले, ४४२ मीटर उंची, आणि त्याच्या रचनेमागे ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांची बुद्धी. मी स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं काम करते, त्यामुळे अण्णांना तो टॉवर मीच समजावून सांगायचा असं ठरवून ठेवलं होतं. जॅक्सन स्टेशनला उतरलो, जिना चढून वर आलो, आणि पश्चिमेकडे वळण्याआधी अण्णा या तपकिरी इमारतीपाशी जे थांबले ते थांबलेच.

इमारतीचं नाव मोनॅडनॉक. जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभी आहे. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ साली पुरा झाला आणि दक्षिणेकडचा १८९३ साली. उत्तरेकडचा भाग १६ मजली आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंती खरोखरच स्वतःचा भार स्वतः पेलतात. विटांच्या भारवाहक भिंतींवर उभ्या राहिलेल्या ऑफिसच्या इमारतींत याहून उंच इमारत जगात झाली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. अभ्यासक्रमात होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी कित्येक वर्षं मी या इमारतीचा उपयोग फक्त थंडीत आडोसा म्हणून केला. तिच्या पोटातून एक लांबच लांब बोळ जातो, जॅक्सनच्या दारातून शिरायचं आणि थेट व्हॅन ब्यूरनच्या दारातून बाहेर पडायचं. जानेवारीत मिशिगन तळ्यावरून वारा सुटला की तेवढ्या अंतरापुरते कान शाबूत राहतात. भिंतीला हात मात्र मी त्या दिवशी अण्णांच्या पाठोपाठ पहिल्यांदा लावला. वीट गुळगुळीत होती, थंड होती, आणि कोपऱ्यावर तिला धार नव्हती. कोपरा घासून गोल झालेला नव्हता, वीटच गोल होती.

अण्णांचं आयुष्य पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून गेलं. त्यामुळे ते इमारत वरून खाली बघत नाहीत, खालून वर बघतात. जोतं, पहिला थर, सांधे, मग ओळंबा. त्यांनी मान वर केली आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की भिंत खाली पसरट आहे. पहिल्या मजल्याच्या वर ती आत ओढली जाते, मग सरळसोट वर चढते आणि अगदी शेवटी, जिथे इतर इमारतींना नक्षीदार कंगोरा असतो तिथे, हलकेच बाहेर कलते. बाकी काही नाही. मूर्ती नाहीत, पानाफुलं नाहीत, खांबांच्या माथ्यावर वेलबुट्टी नाही. फक्त वीट आणि खिडक्या, आणि मधून मधून लाटेसारख्या पुढे आलेल्या खिडक्यांच्या उभ्या रांगा.

"नक्षी परवडली नाही का?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, आणि ते शिकागोच्या मातीपासून सुरू होतं.

हे शहर दलदलीवर वसलं. तळ्याकाठची मऊ चिकणमाती, हातभर खणलं की पाणी. सांडपाण्याला उतार मिळेना म्हणून १८५० आणि १८६० च्या दशकांत इथल्या लोकांनी रस्तेच उंच केले आणि मग उभ्या इमारती जॅक लावून उचलल्या. आत लोक राहत असताना हॉटेलं उचलली गेली. हे वाचलं की मला नेहमी वाटतं, ज्या गावाने आपली घरं अशी उचलून पाहिली, ते गाव पुढे उंच बांधायला घाबरणार नव्हतंच.

नंतर १८७१ च्या ऑक्टोबरातली आग. दोन दिवसांत शहराचा मध्यभाग जळाला, सुमारे ३०० माणसं गेली आणि लाखभर माणसं उघड्यावर आली. त्या आगीत लाकूड जळलं यात नवल नव्हतं, पण उघडं लोखंडही टिकलं नाही. तापून वाकलं, वितळलं. त्यानंतर इथल्या बांधणाऱ्यांच्या मनात दोन गोष्टी घट्ट बसल्या. लोखंड वापरायचं तर त्याला भाजलेल्या मातीच्या आवरणात गुंडाळायचं, आणि विटेवर विश्वास ठेवायचा, कारण वीट एकदा आगीतून जाऊन आलेली असते.

तिसरी गोष्ट लिफ्टची. एलिशा ओटिसने दोर तुटला तरी पाळणा अडकून राहील अशी युक्ती १८५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर करून दाखवली होती. त्याआधी चौथ्या-पाचव्या मजल्यावरची खोली म्हणजे पायांना शिक्षा. लिफ्ट आल्यावर वरची हवा आणि वरचा उजेड विकता येऊ लागला. जमिनीचे भाव चढले, आणि चढलेल्या भावाने मजले चढवले.

या खेळात पैसा घालणारे दोन भाऊ बॉस्टनचे होते, पीटर आणि शेफर्ड ब्रुक्स. त्यांचा शिकागोतला माणूस म्हणजे ओवेन आल्डिस. जागा घेणं, भाडेकरू मिळवणं, इमारत चालवणं, सगळं आल्डिस बघायचा आणि पीटर ब्रुक्स बॉस्टनहून पत्रं लिहायचा. त्या पत्रांतला एक मुद्दा मला फार आवडतो. त्याला इमारतीच्या तोंडावर पुढे आलेलं किंवा आत गेलेलं काही नको होतं. सगळं एका पातळीत हवं होतं. कारण काय, तर बाहेर आलेल्या प्रत्येक कडेवर धूळ साचते आणि कबुतरं नि चिमण्या येऊन बसतात, आणि त्या कडेने इमारतीच्या मजबुतीत तसूभरही भर पडत नाही.

मी हे सांगितलं तेव्हा अण्णा जोरजोरात मान हलवू लागले. कबुतरांचा प्रश्न त्यांना पूर्ण पटला.

आल्डिसचा एक नियमही सांगण्यासारखा आहे. दुय्यम दर्जाची जागा बांधायला उत्तम जागेइतकाच खर्च येतो, म्हणून दुय्यम जागा बांधूच नये. ऑफिस म्हणजे उजेड आणि हवा, हा त्याचा हिशेब. म्हणून मोनॅडनॉक इतकी अरुंद आहे. लांबी ४०० फुटांच्या वर आणि रुंदी ७० फुटांच्याही आत. मधे बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, प्रत्येक खोलीला रस्त्याकडची खिडकी. विजेचे दिवे तेव्हा होते, पण त्यांच्या भरवशावर कोणी खोली भाड्याने घेत नव्हतं.

आता या दोन व्यवहारी माणसांच्या मधे उभा होता जॉन वेलबॉर्न रूट. डॅनियल बर्नहॅम आणि रूट या वास्तुकारांची जोडी तेव्हा शिकागोत गाजत होती. बर्नहॅम माणसं सांभाळायचा, कामं आणायचा. रूट रेखाटायचा. तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला होता आणि संगीतातही मुरलेला होता, आणि त्याला नक्षीचा मनापासून सोस होता. काही चौकांपलीकडे त्यांनी बांधलेली रूकरी नावाची इमारत आहे, १८८८ ची. तिच्या दारावर, कमानींवर, जिन्यांवर नजर ठरत नाही. हात इतका सैल सोडणाऱ्या माणसाला सांगण्यात आलं की इथे काहीही काढायचं नाही.

गोष्ट अशी सांगतात की रूट सुट्टीवर गेलेला असताना बर्नहॅमने ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनकडून सरळ वर जाणाऱ्या, पूर्ण उघड्या इमारतीचं रेखाटन करून घेतलं. परत आल्यावर ते पाहून रूट आधी चिडला. मग काही दिवसांनी म्हणाला की प्राचीन इजिप्तच्या देवळांच्या दाराशी जे जाड, वर निमुळते होत जाणारे बुरूज असतात त्यांची वजनदार रेष आता माझ्या मनात बसली आहे, आता मी ही गोष्ट एकही दागिना न घालता उभी करतो.

मी दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापांत रेषा ओढते. त्यामुळे या गोष्टीतला तो राग आणि त्यानंतरचे ते काही दिवस मला ओळखीचे वाटतात. मालकाने हात बांधले म्हणून चिडणं सगळ्यांना येतं. बांधलेल्या हातांनी काय होऊ शकतं हे शोधायला वेगळी ताकद लागते. नक्षी काढून घेतल्यावर रूटजवळ उरलं काय? फक्त भिंतीची बाह्यरेषा. मग त्याने सगळं कसब त्या एका रेषेत ओतलं. कोपरे जसे वर जातात तसे थोडे थोडे कापले जातात, तळाशी भिंत पाय रोवल्यासारखी बाहेर येते, माथ्यावर ओठासारखी उलटते. आणि हे वळण कुठेही तुटू नये म्हणून खास साच्यांतून विटा पाडून घेतल्या. त्या गोल कोपऱ्याच्या विटा म्हणजे ही गोष्ट. नक्षी परवडली नाही असं नव्हतं. त्या विटांच्या साच्यांनाही पैसे पडलेच असणार.

रूटला आणखी एक गोष्ट हवी होती. विटेचा रंग तळाशी गडद तपकिरी असावा आणि वर जाता जाता उजळत पिवळा व्हावा. ते मान्य झालं नाही. मला ते फार लागतं. एकाच रंगात इमारत भारदस्त दिसते हे खरं, पण संध्याकाळी पश्चिमेचं ऊन वरच्या मजल्यांवर तिरकं पडतं तेव्हा दहा-पंधरा मिनिटं ती रूटच्या मनातल्यासारखी होते, खाली काळपट आणि वर मधाळ. ती वेळ मी आता चुकवत नाही.

त्याने ती पुरी झालेली पाहिली नाही. १५ जानेवारी १८९१ ला न्यूमोनियाने तो गेला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या तयारीत तेव्हा तो बुडालेला होता. त्याच प्रदर्शनाच्या वर्षी सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले. ती परिषद जिथे भरली ती इमारत, आजचं आर्ट इन्स्टिट्यूट, इथून चालत दहा मिनिटांवर आहे. हे ऐकून अण्णा तिकडच्या दिशेला तोंड करून क्षणभर उभे राहिले.

मग त्यांनी पुन्हा भिंतीकडे मोर्चा वळवला. "सहाच फूट का? पाच का नाही?"

त्या काळी विटकामाचा एक ठोकताळा होता. एक मजली भिंत १२ इंच जाड धरायची आणि वरच्या प्रत्येक मजल्यामागे खाली ४ इंच वाढवायचे. अण्णांनी बोटांवर मांडलं. वरचे मजले पंधरा, पंधरा चोक साठ, साठ आणि बारा बहात्तर. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते टॉवरच्या एकशेतिसऱ्या मजल्यावरूनही आलं नसतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या परक्या गवंड्याचा हिशेब त्यांच्या बोटांवर बरोबर सुटला होता.

पण याच हिशेबात त्या पद्धतीचा शेवटही लिहिलेला आहे. आणखी आठ मजले चढवा, भिंत आठ फुटांच्या पुढे जाते. तळमजला म्हणजे सगळ्यात जास्त भाड्याची जागा, दुकानांची जागा, आणि तीच भिंत खाऊन टाकते. खिडक्या बोगद्यासारख्या होतात. वीट तुटणार नसते, ती अजून कितीतरी भार घेऊ शकते. तुटतो तो भाड्याचा हिशेब.

आम्ही आत गेलो. बोळात उजेड मंद आहे. ऑफिसांच्या भिंतींत वरच्या भागात काच आहे, खोलीत आलेला दिवस त्या काचेतून गाळून बोळात येतो. उत्तरेकडच्या जिन्यापाशी मी अण्णांना कठड्यावर हात ठेवायला सांगितला आणि विचारलं, कशाचा आहे? त्यांनी बोटाने टिचकी मारली. बिडाचा आवाज येत नव्हता.

ॲल्युमिनियम आहे. इमारतीच्या बांधकामात ॲल्युमिनियमचा हा पहिला वापर मानतात. आज आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण तेव्हा तो धातू अपूर्वाईचा होता. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर जेमतेम तीन किलोच्या आत भरणारं ॲल्युमिनियमचं टोपण बसवलं तेव्हा ते आधी लोकांना बघायला ठेवलं होतं. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेने हा धातू काढायची रीत शोधली, आणि मगच तो हळूहळू आवाक्यात आला. बाहेर कबुतराला बसायला कड न देणाऱ्या मालकाने आत जिन्याला हा धातू दिला. जिथे माणसाचा हात लागतो तिथे खर्च केला. मला हा निवड करण्याचा ढंग मनापासून पटतो.

जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून वर बघितलं तर थेट छपराची काच दिसते. अण्णा वर बघत राहिले. मी त्यांच्या कोपराला धरून उभी राहिले, कारण त्यांना हल्ली मान वर केली की गरगरतं.

या इमारतीला पुस्तकांत बहुतेक वेळा एका जुन्या युगाचा शेवटचा अवाढव्य प्राणी म्हणून दाखवतात. मलाही तसंच शिकवलं होतं. आता ते मला पटत नाही. आतले मजले लोखंडी खांब आणि तुळयांवर आहेत. आणि वाऱ्यासाठी जे केलंय ते तर पुढच्या काळातलं आहे. इतकी उंच आणि इतकी अरुंद इमारत वाऱ्याने आडवी ढकलली जाणार, म्हणून रूटने खांब आणि तुळया रिव्हेट मारून लोखंडी चौकटींसारख्या ताठ जोडल्या. पोर्टल ब्रेसिंग म्हणतात त्याला. मी रोज ज्या जोडांची ड्रॉइंग काढते त्यांची ही पणजी. म्हणजे बाहेर अंगावर जुनी पैरण आणि आत नवीन हाडं. भारासाठी वीट आणि वाऱ्यासाठी लोखंड अशी वाटणी करणारा माणूस मागे बघत नव्हता. दोन्हीकडचं येत असलेल्या माणसाचं ते काम आहे.

बोळातून दक्षिणेकडे चालत गेलो की एका ठिकाणी आपण कालातून कालात जातो, आणि पायाला काही कळत नाही. दक्षिणेचा भाग हॉलाबर्ड आणि रोश या वास्तुकारांनी केला, पोलादी सांगाड्याचा. इथे वीट फक्त पांघरूण आहे. बाहेर येऊन अण्णांना म्हटलं, सांधा शोधा. डिअरबॉर्नच्या पदपथावर ते मागे मागे सरकत गेले आणि मग बोट केलं. बरोबर. तिथपर्यंत खिडक्या खोल गेलेल्या, भिंत चढणीसारखी. तिथून पुढे तळमजल्याच्या काचा रुंद, भिंत पातळ, आणि माथ्यावर चक्क कंगोरा. दोन वर्षांचं अंतर. या नव्या अर्ध्या भागाला १५ टक्के कमी खर्च आला, त्याचं वजन १५ टक्के कमी भरलं आणि भाड्याने द्यायची जागा १५ टक्के जास्त मिळाली. यापुढे विटेच्या बाजूने बोलायला कोणाजवळ काही उरलं नाही.

ब्रुक्स बंधूंनी या इमारतीच्या भागांना न्यू इंग्लंडमधल्या डोंगरांची नावं दिली होती. उत्तरेला मोनॅडनॉक आणि किअरसार्ज, दक्षिणेला कटाहडिन आणि वाचुसेट. पुढे पहिलंच नाव सगळ्यांना पुरलं. भूगोलात हाच शब्द आपणही शिकलो आहोत. आजूबाजूची जमीन झिजून सपाट झाली तरी कठीण खडकामुळे एकटी उभी राहिलेली टेकडी, अवशिष्ट टेकडी, तिला मोनॅडनॉक म्हणतात, त्याच न्यू हॅम्पशायरमधल्या डोंगरावरून. शिकागोत झीज पाण्याने झाली नाही, पाडापाडीने झाली. याच दोन भावांची माँटॉक ब्लॉक नावाची इमारत १९०२ मध्ये पाडली. धातूच्या सांगाड्याची सुरुवात जिथून मोजतात ती वास्तुकार जेनीची होम इन्शुरन्स बिल्डिंग १९३१ मध्ये गेली. बर्नहॅम आणि रूट यांचंच मॅसॉनिक टेंपल, मोनॅडनॉकहून उंच, १९३९ मध्ये गेलं. सांगाड्याच्या या शेवटच्या दोन इमारती गेल्या आणि विटेची मोनॅडनॉक राहिली.

तिचंही सगळं सुखरूप राहिलं नाही. १९३८ मध्ये आधुनिक करण्याच्या नावाखाली आत बरंच झाकलं, बदललं गेलं. १९७० मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागलं, १९७३ मध्ये शहराने तिला वारसा वास्तू ठरवलं, पण नाव लागल्याने फरशी परत येत नाही. १९७९ मध्ये ती नव्या मालकांकडे गेली आणि त्यांनी जवळजवळ तेरा वर्षं घेतली. जसा पैसा येईल तसं, एक बोळ, एक खोली, जुन्या नकाशांवर बोट ठेवत. फरशीचं मोझेक, ओकची चौकट, बारीक खरबरीत नक्षीची काच, मंद पिवळे दिवे. मी या क्षेत्रात आहे म्हणून सांगते, मोठी रक्कम एकदम ओतून केलेल्या जीर्णोद्धारापेक्षा असा सवडीने केलेला नेहमी चांगला होतो. पहिल्या खोलीत झालेली चूक दुसऱ्या खोलीत सुधारायला वेळ मिळतो.

आता राहिली ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

व्हॅन ब्यूरनपर्यंत जाऊन आम्ही परत जॅक्सनकडे आलो तेव्हा एका दुकानाच्या दारात अण्णांचा पाय अडखळला. रस्त्यावरून आत जाताना पायरी खाली होती. जोतं असलेल्या इमारतीत आपण वर चढतो. त्यांनी पायरीकडे बघितलं, पदपथाकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "किती?"

वीस इंच. इतकी ती खाली गेली आहे.

मऊ चिकणमातीवर एवढं वजन ठेवायचं तर ते पसरून ठेवावं लागतं. रूटने पोलाद आणि काँक्रीटचा जाळीदार थर करून त्याचा तराफा केला, भिंतींच्या बाहेर रस्त्याखालीही पसरलेला, आणि इमारत त्या तराफ्यावर ठेवली. ती खाली जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. आठ इंच जाईल असा हिशेब करून ती तेवढी उंच बांधली होती. १९०५ पर्यंत ते आठ इंच संपले आणि वर आणखी काही इंच झाले. तळमजल्याचं काम पुन्हा करावं लागलं. ती जातच राहिली.

अण्णांच्या पिढीचे लोक 'बसणं' आणि 'खचणं' यांत फार काटेकोर असतात. पाया बसतो, तो बसायलाच हवा. सगळीकडून सारखा बसला तर इमारतीला कळतही नाही. खचतो तो एका अंगाने, आणि मग भिंतीला तिरकी भेग पडते. आमच्या लहानपणी ते कुठेही गेले तरी आधी खिडकीच्या कोपऱ्यांतल्या भेगा बघायचे. इथेही त्यांनी बघितल्या. एकेक खिडकी करत पन्नासेक पावलं गेले. वाटेने जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. परत आले ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझ्या कामात चूक म्हणजे चूक. आठ लिहिले आणि वीस झाले तर त्याला दुसरं नाव नाही. रूटचा आकडा चुकला, आणि अडीच पटीने चुकला. पण तो कागदावरचा आकडा होता. तराफा मात्र सारखा पसरला होता, वजन सगळीकडे तोलून ठेवलं होतं, त्यामुळे चुकलेले बारा इंच इमारतीने एकदम, एका पातळीत, सावकाश पचवले. माती किती दबेल हे तेव्हा कुणालाच नीट मोजता येत नव्हतं. मृदायांत्रिकी, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याचा अभ्यास, शास्त्र म्हणून उभी राहायला अजून तीन दशकं होती. अशा वेळी आकडा बरोबर येणं हाती नसतं, चुकलो तरी निभावेल अशी मांडणी हाती असते. हे मी अण्णांना असं सांगितलं नाही. त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

त्यांनी फक्त विचारलं, "अजून बसतेय?"

म्हटलं, पूर्वेच्या भिंतीखाली तरी आता वेगळा पाया आहे. १९४० च्या सुमारास डिअरबॉर्नखालून भुयारी रेल्वेचं खणकाम निघालं तेव्हा ही भिंत तराफ्यावर ठेवणं शक्य नव्हतं. मग विहिरींसारखे खोल खड्डे खाली कठीण चिकणमातीपर्यंत नेले, काँक्रीटने भरले आणि भिंत त्यांच्यावर घेतली. वर ऑफिसं, खाली कामगार, आणि मधे सहा फुटांची भिंत एका पायावरून उचलून दुसऱ्या पायावर.

"कोणती रेल्वे?"

"आपण आलो ती."

सिअर्स टॉवर राहून गेला. रस्त्यापलीकडे वास्तुकार मीस व्हॅन डर रोचं काळं, सरळ, काच आणि पोलादाचं फेडरल सेंटर आहे. ४५ मजली इमारतीच्या चौकात काल्डरचं लालभडक शिल्प. तिथल्या कठड्यावर बसून आम्ही मोनॅडनॉककडे बघत राहिलो. मीसची एक रेषही वाकडी नाही आणि रूटची एकही पूर्ण सरळ नाही, आणि दोघांनीही दागिना घातलेला नाही. ऊन वरच्या मजल्यांवर आलं. मी अण्णांना रंग दाखवला. ते म्हणाले, "दिसतोय. मघापासून तेच बघतोय."

परतताना जॅक्सनचा जिना उतरलो. इथल्या भुयारात फलाट मधे आहे आणि रूळ दोन्ही अंगांना. अण्णा बाकावर बसले नाहीत. दोन्हीकडे बघून त्यांनी दिशा लावायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "ती कोणत्या अंगाला?"

मी पश्चिमेकडे, रुळांपलीकडच्या भिंतीकडे बोट केलं.

"आणि ते खांब?"

"त्याच्या मागे. आपल्याही खाली जातात."

ते फलाटाच्या पिवळ्या पट्टीपर्यंत गेले आणि तिथे थांबून त्या भिंतीकडे टक लावून बघत राहिले. बोगद्यातून वारा येऊ लागला, गाडीचा दिवा दिसला, पायाखालची फरशी थरथरली. अण्णांनी खाली वाकून तळहात फरशीवर टेकवला, गाडी थांबेपर्यंत तसाच ठेवला, आणि गुडघ्यावर हात देऊन उठत म्हणाले, "बसली आता."